पाणी किती घातलं?

'द थर्ड मॅन' पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. पुण्यात, कॉलेजच्या फिल्म क्लबात. पडद्याला मधोमध सुरकुती होती आणि पंखा इतका आवाज करायचा की सबटायटल नसती तर अर्धे संवाद गेले असते. सिनेमा संपल्यावर आम्ही चहाच्या टपरीवर तासभर उभे होतो. बोलणं एकाच माणसाबद्दल चाललं होतं, हॅरी लाइमबद्दल. अंधारातला तो दरवाजा, पायाशी घुटमळणारं मांजर, वरच्या खिडकीतून अचानक पडलेला उजेड आणि त्या उजेडात ऑर्सन वेल्सचं ते किंचित हसणं. 'काय एंट्री आहे यार,' हे वाक्य त्या रात्री मी निदान पाच वेळा म्हटलं असेन.

पुढच्या सेमिस्टरला मी याच सिनेमावर प्रेझेंटेशन दिलं. विषय होता तिरका कॅमेरा. रॉबर्ट क्रास्करची छायाचित्रणाची कमाल, ओले रस्ते, भिंतींवरच्या भल्यामोठ्या सावल्या, अँटन करासचं झिदर. अकरा स्लाइड होत्या. त्यातल्या एकाही स्लाइडवर 'पेनिसिलिन' हा शब्द नव्हता.

दुसऱ्यांदा हा सिनेमा पाहिला तो चार वर्षांनी, एका हॉस्पिटलच्या जिन्यात बसून, फोनवर, एका कानात इअरफोन घालून. दुसरा कान मोकळा ठेवला होता, कारण आतून कधीही हाक आली असती. आत माझी दहा महिन्यांची भाची होती. तिला मेंदूज्वर झाला होता. डॉक्टर त्याला बॅक्टेरियल मेनिंजायटिस म्हणत होते. मी काही आस्वाद घ्यायला सिनेमा लावला नव्हता. फोनमध्ये जुना डाउनलोड पडून होता आणि रात्रीचे दोन वाजले होते, एवढंच. पण त्या रात्री मला कळलं की मी आधी पाहिला तो सिनेमा वेगळाच होता. हा लेख त्या दोन सिनेमांमधल्या अंतराबद्दल आहे.

गोष्ट थोडक्यात सांगतो. सिनेमा १९४९ सालचा आहे, त्यामुळे स्पॉयलरबद्दल माफी मागत नाही. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलंय. व्हिएन्ना शहर चार विजेत्या देशांनी वाटून घेतलंय. हॉली मार्टिन्स (जोसेफ कॉटन) हा स्वस्त वेस्टर्न कादंबऱ्या लिहिणारा अमेरिकन लेखक आपल्या मित्राकडे, हॅरी लाइमकडे येतो आणि कळतं की हॅरी अपघातात गेला. मग कळतं की तो गेलेला नाही. आणि मग कळतं की तो काय धंदा करत होता. लष्करी इस्पितळांतून पेनिसिलिन चोरायचं, त्यात भेसळ करून प्रमाण वाढवायचं आणि काळ्या बाजारात विकायचं. ग्रॅहम ग्रीनने या कथेची जी लघुकादंबरी लिहिली, त्यात भेसळ कशाची हेही येतं. द्रवात रंगीत पाणी, पावडरीत वाळू. ते औषध ज्यांना दिलं गेलं त्यांत मेंदूज्वराची मुलं होती.

ब्रिटिश मेजर कॅलोवे हे सगळं मार्टिन्सला एका खोलीत प्रोजेक्टरवर दाखवतो. सार्जंटच्या हातून चुकून आधी गेंड्याची स्लाइड लागते. पहिल्यांदा पाहताना आम्ही त्या गेंड्यावर हसलो होतो. मग पुरावे येतात. फोटो, बोटांचे ठसे. मार्टिन्सला मित्र गुन्हेगार असल्याचं पटतं. पण पटणं आणि काहीतरी करणं यात अंतर असतं. मित्राला पकडून द्यायला तो तयार होतो, मग पुन्हा मागे फिरतो. शेवटी विमानतळावर नेता नेता कॅलोवे गाडी मुलांच्या इस्पितळाकडे वळवतो.

त्या वॉर्डचा प्रसंग जेमतेम मिनिटभराचा असेल. कॅमेरा एकाही मुलाचा चेहरा दाखवत नाही. आपल्याला पाळण्यांच्या कडा दिसतात, नर्सेस दिसतात आणि पाळण्यात वाकून पाहणारा मार्टिन्सचा चेहरा दिसतो. एक नर्स खेळण्यातलं कापडी अस्वल उचलते आणि टाकून देते. ते मूल गेलं, एवढं आपण समजून घ्यायचं. बाहेर आल्यावर मार्टिन्स मदत करायला राजी होतो.

सिनेमाचे अभ्यासक या प्रसंगाची तारीफ करतात आणि ती योग्यच आहे. कॅरल रीडने जे दाखवलं नाही ते आपण आपल्या मनात बघतो आणि मनातलं मूल नेहमी आपल्या ओळखीचं असतं. रडकं संगीत नाही, क्लोजअप नाही. आज हाच प्रसंग कुणी केला असता तर नळ्या लावलेलं बाळ, त्याची मिटलेली मूठ, मॉनिटरची टिकटिक असं सगळं आलं असतं. फॉरवर्ड होणारे असे व्हिडिओ आपण रोज बघतो आणि बोटाने वर सरकवतो. रीडचा संयम त्याहून जास्त काळ टिकतो.

पण जिन्यात बसून बघताना मला पहिल्यांदाच एक प्रश्न पडला. त्या पाळण्यांत नेमकं काय घडत होतं? आणि हा प्रश्न पडायला कारण होतं. त्याबद्दल सांगतो.

भाचीला घरात चिऊ म्हणतात. मी तेव्हा ताईकडे सांगलीजवळ राहायला गेलो होतो. चिऊचा कान वाहायला लागला, ताप आला. डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं सिरप लिहून दिलं, पावडर असलेली ती छोटी बाटली. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, हलवायचं, फेस खाली बसल्यावर पातळी उतरली तर पुन्हा खुणेपर्यंत भरायचं. मग दिवसातून दोनदा, सात दिवस. ताई थकली होती, दाजी नाइट शिफ्टला होते. मी म्हटलं, मी करतो. रात्रीचे अकरा वाजले होते. काचेवरची बारीक रेघ फेसामागे दिसेना, म्हणून मी सरळ गळ्यापर्यंत पाणी भरलं. खरं सांगायचं तर मनात असंही आलं की औषध जरा जास्त दिवस पुरेल.

तिसऱ्या दिवशी ताप गेला. चिऊला जुलाब व्हायला लागले. आई म्हणाली, 'औषध उष्ण पडतंय लेकराला, बंद करा.' आम्ही बंद केलं. सहाव्या दिवशी ताप परत आला. बाटली फ्रिजमध्ये होतीच. मीच म्हटलं, 'अगं ताई, आहे ना शिल्लक, पुन्हा सुरू करू.' दोन दिवस तेच दिलं. मग उलट्या सुरू झाल्या, चिऊ उचलून घेतलं की जास्त किंचाळायची, आणि आंघोळ घालताना आईच्या लक्षात आलं की तिची टाळू फुगून वर आलीय.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासायला काढायचं म्हटलं. आमच्याकडे पाठीतलं पाणी काढणं म्हणजे माणूस संपला असं समजतात. दाजींनी थरथरत्या हाताने सही केली. पाण्यात पेशी वाढलेल्या होत्या, साखर कमी झालेली होती. म्हणजे जंतुसंसर्ग नक्की. पण कल्चरमध्ये काही उगवलं नाही. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, 'याआधी काही अँटिबायोटिक चालू होतं?' मी सगळं सांगितलं, बाटलीच्या गळ्यासकट. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी समजावलं की आधी थोडंफार औषध पोटात गेलं असेल तर जंतू मरत नाहीत, पण प्रयोगशाळेत उगवतीलच असंही नाही. मग कुठला जंतू आहे आणि त्याला कुठलं औषध लागू पडेल हे कळायचा रस्ता बंद होतो. अशा वेळी शक्य त्या सगळ्या जंतूंना धरून जोरकस औषधं द्यावी लागतात, थेट शिरेतून, वजनाच्या हिशेबाने, पूर्ण दिवस. सिरपात जास्त पाणी गेलं नसतं तर हे टळलं असतं का, या माझ्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं की ते कुणीच सांगू शकत नाही. ते उत्तर मला आजही पुरत नाही.

त्याच रात्री मी जिन्यात 'द थर्ड मॅन' लावला. आणि कॅलोवे भेसळीबद्दल बोलायला लागला तेव्हा मी पॉज केलं.

पाणी घालणं हा गुन्हा विचित्र आहे. विष घालणारा खुनी असतो, हे कुणालाही कळतं. पाणी घालणाऱ्याने काहीच वाईट घातलेलं नसतं. बाटलीवर तेच लेबल, आत तोच रंग, तीच सुई. आई समजते औषध चाललंय, डॉक्टर समजतो औषध चाललंय. ग्रीनने निवडलेला आजारही नेमका आहे. मेंदूभोवतीच्या द्रवात पेनिसिलिन सहजासहजी पोचत नाही. आवरणाला सूज असते तेव्हा जरा जास्त शिरतं, तरी रक्तात त्याचं प्रमाण भरपूर राखावं लागतं. म्हणजे ज्या आजारात पूर्ण डोसही काठावर पुरतो, तिथे अर्धा डोस म्हणजे नुसतं नाटक. आणि हा गुन्हा स्वतःचे पुरावे स्वतःच पुसतो. मूल गेलं तर आजाराने गेलं. माझ्या भाचीच्या कल्चर रिपोर्टवर जे 'नो ग्रोथ' लिहून आलं, त्यात हाच पुसलेपणा मला दिसला.

आपल्याकडच्या गोष्टींत मुलं तापाने मरतात तेव्हा सहसा कुणी गुन्हेगार नसतो. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'मधली दुर्गा पावसात भिजते, तिला ताप भरतो आणि वादळी रात्री ती जाते. तिथे गरिबी आहे, पाऊस आहे, वडील दूर आहेत. आपण हळहळतो, पण बोट कुणाकडे दाखवणार? 'द थर्ड मॅन' ही औषध सापडल्यानंतरच्या जगातली गोष्ट आहे. औषध आहे, ते लागू पडतं हे माहीत आहे, शहरात ते आलेलंही आहे. त्यानंतर मूल दगावलं तर मधे कुणाचा तरी हात असतो. कधी तो लाइमचा असतो. कधी तो मामाचा असतो.

मात्रेची ही गोष्ट पेनिसिलिनच्या जन्मापासून चालत आलीय. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे औषध एका मरणासन्न पोलीस शिपायाला दिलं. तो सुधारायला लागला. पण साठा इतका कमी होता की त्याच्या लघवीतून बाहेर पडलेलं पेनिसिलिन वेगळं काढून पुन्हा टोचलं जात होतं. शेवटी ते संपलं. संसर्ग उलटला आणि तो गेला. त्यानंतर टीमने ठरवलं की आता शक्यतो लहान मुलं घ्यायची, कारण त्यांना औषध कमी लागतं. निर्णयामागे आधी हिशेब होता, दया नंतर. हा हिशेब मला फार प्रामाणिक वाटतो. मुलाचं शरीर लहान आहे, म्हणून थोड्या औषधातही त्याला पूर्ण डोस देता येतो. लाइम हाच हिशेब उलटा करतो. थोड्या औषधात जास्त बाटल्या भरतात.

फ्लेमिंगनेही एक छोटी कथाच रचली होती. ११ डिसेंबर १९४५ला दिलेल्या नोबेल व्याख्यानाच्या शेवटाकडे तो एका काल्पनिक गृहस्थाबद्दल बोलतो. या गृहस्थाचा घसा दुखतो, तो स्वतःच पेनिसिलिन घेतो, पण पुरेसं घेत नाही. जंतू मरत नाहीत, औषधाला तोंड द्यायला शिकतात. तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो आणि पेनिसिलिन देऊनही ती जाते. तिच्या मरणाला जबाबदार कोण, असा प्रश्न फ्लेमिंग टाकतो. माझ्या मते ही गोष्ट लाइमच्या गोष्टीपेक्षा जास्त भीतिदायक आहे, कारण हिच्यात खलनायकच नाही. निष्काळजी, बरा झालेला, बायकोवर प्रेम करणारा एक माणूस आहे. त्याच्यावर कुणी सिनेमा काढणार नाही. त्याच्या एंट्रीला झिदर वाजणार नाही.

'द थर्ड मॅन'बद्दलची माझी पहिली तक्रार इथून सुरू होते. लाइम इतका देखणा गुन्हेगार आहे की प्रेक्षक सुटतो. आपण असे नाही, हे आपल्याला माहीत असतं. आकाशपाळण्यातला तो प्रसिद्ध प्रसंग आठवा. उंचावरून खालच्या माणसांकडे बोट दाखवत लाइम मित्राला विचारतो की त्या ठिपक्यांपैकी एखादा हलायचा थांबला तर तुला खरंच काही वाटेल का, आणि प्रत्येक ठिपक्यामागे वीस हजार पौंड मिळाले तर? हे क्लिप आपण रीलमध्ये पाहिलंय, त्यावर 'सिग्मा' लिहिलेलं पाहिलंय. पण त्याच प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे जी कुणी शेअर करत नाही. लाइमला पोटाचा त्रास आहे. तो गोळी काढून खातो आणि कुरकुरतो की या शेवटच्या, आता कुठे मिळत नाहीत. मुलांच्या औषधात पाणी घालणाऱ्याला स्वतःची गोळी मात्र अस्सल हवी आहे. वेल्स हे इतक्या सहज करून जातो की पहिल्या वेळी माझ्या लक्षातही आलं नव्हतं. सिनेमाने डोस बरोबर दिला होता. पाणी मी, प्रेक्षकाने, घातलं होतं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे आणि ती सिनेमाचीच आहे. कॅलोवे मुलांबद्दल सांगताना एक विधान करतो. त्याचा आशय असा की जी मुलं मेली ती सुटली, खरी दुर्दैवी जगलेली. ती मानसिक रुग्णालयात आहेत. हे ऐकून मार्टिन्स हादरतो, आपणही हादरतो. वाक्य धारदार आहे. एकोणिसाव्या वर्षी मी ते वहीत उतरवून ठेवलं होतं.

चिऊ चौदा दिवसांच्या औषधानंतर घरी आली. काही आठवड्यांनी कानांची तपासणी झाली. उजव्या कानाने तिला ऐकू येत नाही. मेंदूज्वरातून वाचलेल्या काही मुलांची श्रवणशक्ती जाते, कुणाला झटके येतात, कुणाचं शिकणं मागे पडतं. यात औषधाला किती उशीर झाला, यालाही महत्त्व असतं. चिऊ आता सात वर्षांची आहे, दुसरीत आहे. वर्गात ती उजवीकडच्या भिंतीला खेटून बसते म्हणजे डावा कान वर्गाकडे राहतो. तिला कुणी कानात गुपित सांगायला आलं की ती त्याला खांद्याला धरून दुसऱ्या बाजूला नेते. भांडण झालं की मुद्दाम उजवा कान पुढे करते.

तिला दुर्दैवी म्हणण्याचा अधिकार मी कॅलोवेला देत नाही. तिच्यापेक्षा खूप जास्त त्रास घेऊन घरी गेलेली मुलं त्या वॉर्डात होती आणि त्यांच्या आयांनाही मी पाहिलंय. मेलेली सुटली, असं त्यांच्यापैकी एकीनेही म्हटलं नाही. ते वाक्य बाहेरून आलेल्या माणसाचं आहे, ज्याला आरोप ठसवण्यासाठी मुलं हवी आहेत. आता त्या वॉर्डच्या प्रसंगाकडे पुन्हा बघा. मुलांचे चेहरे न दाखवणं हा संयम आहेच, पण ती सोयही आहे. चेहरा दाखवला असता तर एखादं मूल हसलं असतं, एखाद्याने मार्टिन्सचं बोट धरलं असतं, आणि मग 'दुर्दैवी' हा शब्द टिकला नसता. सिनेमाला मुलं पुराव्यापुरती लागतात. मार्टिन्सचं मन वळलं की ती कथेतून जातात आणि शेवटपर्यंत परत येत नाहीत. आकाशपाळण्यावरून लाइमला ती ठिपके दिसत होती. वॉर्डात उभं राहून सिनेमानेही त्यांना ठिपक्यांहून फार जवळ आणलं नाही.

ॲनाबद्दलही हेच. पूर्वी मला ॲना या सिनेमाची नैतिक उंची वाटायची. सगळं कळूनही ती हॅरीवरचं प्रेम सोडत नाही. शेवटच्या लांबलचक शॉटमध्ये, स्मशानाच्या रस्त्यावर, वाट बघणाऱ्या मार्टिन्सला ती ओलांडून जाते. किती सुंदर, किती ताठ. आता वाटतं, ॲनाला वॉर्ड कुणी दाखवला नाही. तिने ऐकलं, पाहिलं नाही. तिची निष्ठा खरी आहे, पण तिची किंमत ती स्वतः मोजत नाहीये.

कुणी म्हणेल, एका थ्रिलरकडून एवढी अपेक्षा कशाला? हा रास्त आक्षेप आहे. ग्रीनने रुग्णालयाचा अहवाल लिहिला नव्हता. पण औषधाची भेसळ ही नुसती सबब असती तर सोन्याची, सिगरेटची, पासपोर्टची तस्करी चालली असती. त्याने मुलांचं औषध निवडलं कारण त्याला माहीत होतं की तिथे आपली सहानुभूती संपते. ज्या मुलांच्या जिवावर गोष्ट उभी राहते त्यांना गोष्टीने काय परत दिलं, हे विचारणं मग समीक्षेचं कामच आहे.

मोजण्याची वेगळी पद्धत असू शकते का, हे शोधताना मी गडचिरोलीपर्यंत पोचलो. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं काम आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकलेलं असतं आणि म्हणूनच नीट वाचलेलं नसतं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलेला त्यांचा शोधनिबंध मी गोष्टीसारखा वाचला. ३९ गावांमध्ये प्रयोग, ४७ गावं तुलनेसाठी. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. त्या घरी जाऊन नवजात बाळाला तपासत, वजन करत, ताप बघत. जंतुदोषाची लक्षणं दिसली तर आधी हॉस्पिटलात न्यायला सांगत. घरचे नेऊ शकत नसले तर त्यांच्या संमतीने घरातच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमोक्झाझोल देत. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता.

त्याआधी न्यूमोनियावरच्या कामासाठी त्यांनी एक साधन केलं होतं. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मणी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. अक्षरओळख नसलेल्या दाईलाही त्यावरून श्वास वाढलाय की नाही हे कळायचं. ग्रीनच्या गोष्टीत वाळू औषधात आहे. इथे ती बाळाचा एकेक श्वास मोजायला आहे. लाइमही मोजतो आणि ही दाईही मोजते. तो मोजतो त्यात माणसं वजा होत जातात. तिच्या मोजण्यात एक बाळ, त्याचं नाव, त्याचं वजन आणि त्या वजनाला लागणारी मात्रा आहे.

या दुसऱ्या गोष्टीला सुखान्त नाही, हेही सांगायला हवं. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांमध्ये २०११ ते २०१४ या काळात झालेल्या अभ्यासात नवजात बाळांच्या रक्तात सापडलेले जंतू मोठ्या प्रमाणावर एकाच वेळी अनेक औषधांना दाद न देणारे निघाले. फ्लेमिंगचा तो गृहस्थ आता एकटा राहिलेला नाही. सर्दीला अँटिबायोटिक मागणारे, तिसऱ्या दिवशी बंद करणारे, उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देणारे, सगळे त्याचे भाऊबंद. आणि दुसऱ्या टोकाला अजूनही अशी बाळं आहेत ज्यांच्यापर्यंत पहिलाच डोस वेळेवर पोचत नाही. एकाच देशात औषध जास्तही होतंय आणि कमीही पडतंय.

मग 'द थर्ड मॅन' बघू नका, असं म्हणायचंय का? अजिबात नाही. तो मी मागच्या महिन्यात तिसऱ्यांदा पाहिला. गटारांतला पाठलाग अजून तितकाच थरारक आहे, जाळीतून बाहेर आलेली लाइमची बोटं अजून तितकीच केविलवाणी वाटतात. मला अजून त्याची दया येते आणि ती येते म्हणून स्वतःचा रागही येतो. ज्या सिनेमाशी इतकी वर्षं भांडता येतं तो लहान सिनेमा नसतो. पण आता मला त्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग लाइमच्या एंट्रीचा वाटत नाही. ते वॉर्डातलं मिनिट वाटतं, त्यातल्या चांगल्या आणि चुकलेल्या दोन्ही गोष्टींसकट.

गेल्या दिवाळीत चिऊला खोकला झाला, डॉक्टरांनी तपासून पुन्हा तसलंच सिरप दिलं. ताईने बाटली माझ्या हातात दिली. तिने काही म्हटलं नाही, मीही नाही. मी बाटली ओट्यावर ठेवली, गुडघ्यावर बसलो, रेघ डोळ्यांच्या पातळीवर घेतली. पाणी घातलं, हलवलं, फेस बसायची वाट बघितली, पुन्हा रेघेपर्यंत भरलं. चिऊ शेजारी उभी होती. तिने विचारलं, 'मामा, एवढा वेळ काय बघतोयस?'

मी तिच्या डाव्या बाजूला सरकलो आणि तिला ती रेघ दाखवली.